घरचा डबा, गाडीतली थैली

प्रथमोपचाराच्या साहित्याबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत. बहुतेकांनी विचारलं होतं, ‘डब्यात काय काय ठेवावं?’ पण तो डबा कुठे ठेवायचा आणि दवाखाना किती लांब आहे, यावर आतलं सामान ठरतं. मे महिन्यातल्या भुसावळला जे टिकत नाही, ते यादीत लिहून उपयोग नाही.

प्रश्न : तयार पेटी विकत घ्यावी की सामान सुटं जमवावं? घरात सहा माणसं आहेत, सासूबाईंना साखर आहे, मुलगा तीन वर्षांचा आहे.
*एक गृहिणी, भुसावळ*

सुटं जमवा. तयार पेटी दिसायला भरलेली असते, पण उघडली की दहा-बारा चिकटपट्ट्या, एक अरुंद पट्टी, कापसाची गुंडाळी आणि एखादं मलम. बोटाला खरचटलं तर ती पुरते. विळीवर तळवा कापला तर दोन मिनिटांत संपते.

पाच-सहा लिटरचा, पारदर्शक, खटक्याच्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. कुलूप लावू नका. मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवा, पण ओट्यावरच्या फळीवर नको, न्हाणीघरातही नको. एकीकडे उष्णता, दुसरीकडे ओल. आतल्या खोलीतलं, उन्हाची भिंत नसलेलं कपाट बरं.

जखमेच्या सामानात निर्जंतुक गॉजची, म्हणजे विरळ विणीच्या सुती कापडाची, दहा पाकिटं हवीत, 10 बाय 10 सेंटिमीटरची, प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात. मोठं बंडल घेऊ नका, एकदा फोडलं की उरलेलं निर्जंतुक राहत नाही. 10 सेंटिमीटर रुंदीच्या चार रोलर पट्ट्या, 5 सेंटिमीटरच्या दोन, 10 सेंटिमीटरची दोन क्रेप बँडेज (ताणली जाणारी पट्टी), एक इंची मायक्रोपोरचं (कागदी चिकटपट्टीचं) रीळ, वीस चिकटपट्ट्या, पॅराफिन लावलेल्या जाळीची तीन पाकिटं, पोव्हिडोन आयोडीन मलमाची एक ट्यूब, हातमोज्यांच्या चार जोड्या. हात गळ्यात अडकवायच्या त्रिकोणी पट्टीसाठी जुनं धुतलेलं सुती धोतर घ्या. एक मीटर चौकोन तिरका कापला की दोन पट्ट्या होतात. साधनांमध्ये बोथट टोकाची मजबूत कात्री, काटा काढायचा चिमटा, सेफ्टी पिना, डिजिटल तापमापी आणि छोटी बॅटरी. बॅटरीचे सेल बाहेर काढून ठेवा, आतच राहिले तर गळतात. पाऱ्याचा तापमापी घरात असेल तर बाद करा.

कापसाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपण कपाशीच्या मुलखात राहतो आणि घरातला सरकी काढलेला कापूस जखमेवर दाबायची सवय जुनी आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं. म्हणून तो पाणी किंवा रक्त शोषत नाही, वरच्यावर ओला होतो आणि खालून रक्त वाहत राहतं. दुकानातल्या सर्जिकल कापसातलं हे मेण काढलेलं असतं, म्हणून तो शोषतो. पण तोही थेट जखमेवर नको. तंतू रक्तात चिकटतात आणि पट्टी बदलताना खपली उपटून निघते. आधी गॉज, जाडी हवी असेल तर त्यावर कापूस, मग रोलर पट्टी.

रक्त थांबवताना सगळ्यात जास्त चूक होते ती डोकावण्याची. गॉजचा गठ्ठा जखमेवर ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटं दाबा, घड्याळ लावून. मध्ये ‘थांबलं का’ म्हणून उचललं की जमलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गॉज भिजला तर तो काढू नका, वर दुसरा ठेवा. हळद, कॉफी पूड, मिश्री यांतलं काही भरू नका. टाके घालायच्या आधी डॉक्टरांना तेच खरडून काढावं लागतं. जखम धुवायला पिण्याचं स्वच्छ पाणी भरपूर ओतलं तरी चालतं. डेटॉलसारखं द्रव पाण्यात न मिसळता ओतलं तर कातडी भाजते.

जखमेत माती, शेण किंवा गंज गेला असेल आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर ते पुन्हा घ्यावं लागतं. शेवटचं कधी घेतलं ते घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे झाकणाच्या आतल्या कागदावर लिहून ठेवा. एरवी ते कुणाच्याच लक्षात नसतं.

प्रश्न : डब्यात गोळ्या कोणत्या? आमच्याकडे उरलेल्या औषधांची पूर्ण पिशवी आहे.
*एक वाचक, जळगाव*

ती पिशवी डब्यात रिकामी करू नका. उरलेली अँटिबायोटिक्स तर अजिबात नकोत. अर्धवट पट्टी म्हणजे कुणीतरी आपला कोर्स अर्धवट सोडल्याची खूण, आणि पुढच्या तापाला तीच गोळी अंदाजाने घेतली जाते.

तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक पट्टी, अंगावर पित्त उठलं तर सेटिरिझिन 10 मिलिग्रॅमची एक पट्टी, ओआरएसची सहा पाकिटं. लहान मूल असेल तर जुलाबासाठी झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. बाकी घरातल्या ज्याला जे डॉक्टरांनी लिहून दिलं आहे ते.

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक आम्ही यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. उन्हाने शरीर सुकलेलं असताना घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्याकडे वर्षातले सहा महिने या दोनपैकी एक शक्यता असतेच.

मुलांच्या पॅरासिटामॉलमध्ये गफलत होते ती बाटलीवरच्या आकड्याने. 12 किलोच्या मुलाला एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमच्या हिशेबाने जास्तीत जास्त 180 मिलिग्रॅम. ज्या सिरपच्या 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असतं, त्याचे 7.5 मिली. ज्याच्या 5 मिलीत 250 असतं, त्याचे साधारण 3.5 मिली. आणि थेंबाच्या बाटलीत एकाच मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 1.8 मिली पुरे. आता कुणी सवयीने थेंबांच्या बाटलीतून साडेसात मिली पाजलं तर मुलाच्या पोटात 750 मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. घरात एकच ताकद ठेवा, बाटलीला तिचंच मापाचं झाकण रबराने बांधा, आणि मुलाचं वजन व त्यानुसार मिली चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावा. दोन मात्रांमध्ये सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही.

साखरेचा आजार असलेल्या माणसासाठी डब्यात साध्या साखरेची छोटी डबी हवीच. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि ग्लुकोमीटरवर आकडा 70 च्या खाली असला, किंवा ग्लुकोमीटर हाताशी नसला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर तितकीच पुन्हा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.

प्रश्न : वडिलांना हृदयाचा त्रास आहे. सॉर्बिट्रेट सगळ्यांसाठीच डब्यात ठेवावी का?
*एक वाचक, भडगाव*

नाही. जिभेखाली ठेवायची ही गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्याच्याच नावाच्या पाकिटात ठेवा. ती रक्तदाब झपाट्याने उतरवते. आधीच दाब कमी असलेला किंवा लैंगिक ताकदीची गोळी घेतलेला माणूस तिने कोसळू शकतो. ज्याला ती द्यायची त्याला बसवून द्या, उभ्याने नाही.

सगळ्यांसाठी ठेवायची ती 325 मिलिग्रॅमची साधी, पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिन. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, तर आधी 108, मग एक गोळी चावून खायला द्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातला अल्सर किंवा अलीकडे कुठे रक्तस्राव झालेला असेल तर देऊ नका.

प्रश्न : ओआरएस दिलं तरी मुलाचे जुलाब वाढले. असं का होतं?
*एक पालक, धुळे*

मोठं पाकीट एका पेल्यात कालवलं असण्याची शक्यता दाट आहे. साधारण 21 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, चार-साडेचार ग्रॅमचं छोटं 200 मिलीसाठी. दाट द्रावण आतड्यात उलटं पाणी ओढतं, जुलाब वाढतात आणि रक्तात मीठ चढतं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये हा हिशेबही नको, पूड आत सारखी मिसळलेली असतेच असं नाही. लिटरभराची बाटली भरा, पूर्ण पाकीट ओता, चोवीस तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

फळांच्या चवीची, नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेयं हे औषध नव्हे. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या.

प्रश्न : गाडीबरोबर आलेली पेटी चार वर्षांनी उघडली तर चिकटपट्ट्या कागदासकट विरघळलेल्या, मलम पाण्यासारखं झालेलं. नवी पेटी कशी लावावी? महिन्यातून दोनदा सुरतला जाणं होतं.
*एक व्यापारी, पारोळा*

हे होणारच होतं. बाहेर 44-45 अंश असताना काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हवा साठच्या पुढे जाते, डॅशबोर्ड त्याहून तापतो. बहुतेक गोळ्यांच्या पट्टीवर ‘30 अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं. चिकटपट्टीचा गोंद वितळतो, लॅटेक्सचे हातमोजे चिकट होऊन फाटतात, मलमातलं तेल वेगळं होतं. दुखण्यावर मारायच्या स्प्रेच्या डब्यावर आणि दम्याच्या पंपावर 50 अंशांची मर्यादा असते, तापलेल्या गाडीत असा डबा फुटू शकतो. स्पिरिट आणि सॅनिटायझर पेट घेणारे.

म्हणून गाडीचं सामान दोन भागांत करा. गाडीत कायम राहील ते फक्त उष्णता सोसणारं: कापडी रोलर पट्ट्या सहा, निर्जंतुक गॉज वीस पाकिटं, क्रेप बँडेज तीन, त्रिकोणी पट्ट्या तीन, नायट्राइल हातमोज्यांच्या सहा जोड्या, कात्री, शिट्टी, जाड पुठ्ठ्याचे दोन हातभर तुकडे, एक चादर. पुठ्ठा मोडलेल्या हाताला आधार द्यायला. नसला तर घट्ट गुंडाळलेलं वर्तमानपत्रही चालतं. मायक्रोपोरऐवजी पट्टीला गाठ मारा नाहीतर सेफ्टी पिन लावा, म्हणजे गोंदाचा प्रश्नच येत नाही. गोळ्या, ओआरएस, मलम हे सगळं हातातल्या छोट्या थैलीत, आणि गाडी सोडताना थैली बरोबर न्यायची. जेवायला ढाब्यावर उतरलात तरीही.

डिकी डॅशबोर्डपेक्षा थंड असते खरी, पण मागून ट्रकची धडक बसली तर ती उघडत नाही. चालकाशेजारच्या आसनाखाली ठेवा आणि घरच्या प्रत्येकाला जागा दाखवा. गाडी चालवणाराच जखमी झाला तर पेटी शोधणार कोण?

रस्त्यावर थांबायची वेळ आली तर गाडी अपघाताच्या पुढे नेऊन कडेला लावा, चारही दिवे चालू करा, लाल त्रिकोण पन्नास मीटर मागे ठेवा. वळणाच्या घाटात, पळासनेरचा असो की चाळीसगावहून कन्नडला चढणारा, त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा. चमकतं जाकीट गाडीत असू द्या. आपल्या महामार्गांवर मदत करणाराच दुसऱ्या गाडीखाली येण्याचा धोका खरा आहे. रुग्णवाहिकेला 108, राष्ट्रीय महामार्गावर 1033 सुद्धा. जखमीला पाणी पाजू नका, शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामं लागतं. अंगात घुसलेला पत्रा किंवा सळई उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी गुंडाळ्या लावून ती हलणार नाही असं बांधा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका.

प्रश्न : मदत केली तर पोलिसांच्या चकरा लागतात म्हणून कुणी थांबत नाही. कायदा काय म्हणतो?
*एक वाचक, एरंडोल*

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134-अ आलं. सद्भावनेने मदत करताना हातून चूक झाली आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

प्रश्न : मोटारसायकलवर काय नेता येईल?
*एक विद्यार्थी, अमळनेर*

झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत गॉजची सहा पाकिटं, दोन रोलर पट्ट्या, एक क्रेप, हातमोज्यांची एक जोडी. मुठीएवढं होतं. आसनाखाली इंजिनाची धग असते, पाठीच्या पिशवीत ठेवा. गळ्यातला मोठा रुमाल उरलेलं काम करतो.

प्रश्न : कपाशीवर फवारणी असते. शेतावरच्या खोलीत वेगळा डबा ठेवावा का?
*एक शेतकरी, चोपडा*

डब्याआधी पाणी ठेवा. फवारणीच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर दहा लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन, साबण, कोरडी लुंगी किंवा लेंगा-सदरा आणि नायट्राइल हातमोजे. अंगावर औषध सांडलं तर कपडे ताबडतोब उतरवा, साबणाने धुवा, केसांत आणि नखांतही. चामड्याची चप्पल औषध शोषते, ती धुऊन उपयोग नाही, टाकून द्या. डोळ्यांत उडालं तर पापणी उघडी धरून पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार. पिण्याच्या तांब्याने हळूहळू ओतलं तरी चालेल, पण थांबू नका.

लाळ-फेस, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप किंवा अंगाची थरथर दिसली तर तो माणूस दवाखान्यात गेलाच पाहिजे. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, ताक यांतलं काही पाजू नका. औषध वर येताना श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसं जातात. बरोबर फवारणीच्या औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचं लेबल न्या. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. पण डॉक्टरांना रंगापेक्षा आतल्या रसायनाचं नाव हवं असतं, ‘हिरव्या बाटलीतलं’ एवढं सांगून भागत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 डब्यावर लिहून ठेवा. गावातल्या दवाखान्यातूनही तिथे विचारता येतं.

प्रश्न : ऑनलाइन विष ओढायचा पंप मिळतो. साप आणि इच्चू चावण्यासाठी तो घ्यावा का? आमच्या पाड्यावरून ग्रामीण रुग्णालय दीड तासावर आहे.
*एक शिक्षक, धडगाव तालुका*

पंप घेऊ नका. तो विष ओढत नाही, कातडी मात्र दुखावतो. ब्लेडने चिरणं आणि घट्ट दोरी आवळणं हेही नकोच. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर आवळलेल्या दोरीखाली मांस सडतं, आणि दोरी सोडली की साठलेलं विष एकदम वर चढतं.

डब्यातल्या दोन क्रेप पट्ट्या आणि एक सरळ लाकडी पट्टी एवढंच इथे कामाचं. चावलेला पाय किंवा हात मोडल्यासारखा धरा, पट्टीला सैलसर बांधून हलेनासा करा, खाली बोट शिरेल इतपत. जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठ्या आधी काढा, सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. चालवू नका. चावल्याची वेळ लिहून घ्या, सुजेची कडा पेनने आखून पुढे वेळ लिहा. साप मारत बसू नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं.

मण्यारीबद्दल खास सावध राहा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, गिळता येत नाही अशी तक्रार आली तर ‘अपचन झालं’ म्हणून ओवा देत बसू नका.

लाल विंचवाला नुसत्या वेदनेपेक्षा घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या ही लक्षणं धोक्याची, मुलांमध्ये जास्तच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवलं आणि कित्येक जीव वाचले. पण ते रक्तदाब उतरवतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं. डब्यात नको. घरी फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी, आणि निघायचं.

दीड तासाच्या अंतरावर डब्यातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे झाकणावरचा कागद: पाड्यातल्या दोन जीपवाल्यांचे क्रमांक, आशा कार्यकर्तीचा क्रमांक, आणि प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय. प्रतिविष आहे का, हे रुग्णालयात पावसाळ्याआधीच विचारून ठेवा. जीपच्या रस्त्यापर्यंत झोळीतून न्यावं लागत असेल तर दोन मजबूत बांबू आणि घोंगडी एका जागी बांधून ठेवा.

प्रश्न : खापरावर मांडे करताना हात भाजला. टूथपेस्ट लावली, ती बरोबर होती का?
*एक गृहिणी, सावदा*

नाही. पेस्ट, शाई, तूप, किसलेला बटाटा यांनी धग आत कोंडते. बांगड्या काढून हात वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, बर्फ नको. वीस मिनिटं फार वाटतात, पण पाच मिनिटांत वरची कातडी गार होते, खालची भाजतच राहते. मग पॅराफिनची जाळी आणि सैल पट्टी. फोड फोडू नका. भाजलेला भाग स्वतःच्या तळव्यापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, सांधा, गुप्तांग असेल, तर डॉक्टर. लहान मूल असेल तर कितीही लहान भाजलं तरी.

प्रश्न : डबा किती दिवसांनी तपासायचा?
*एक वाचक, नंदुरबार*

वर्षातून दोनदा, अक्षय्य तृतीयेला म्हणजे आखाजीला, आणि दिवाळीला. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा घरात मुलं जास्त असतात, झोके असतात, म्हणजे डबाही तेव्हाच लागतो. निर्जंतुक गॉजलाही मुदत असते. ती संपली किंवा पाकीट फाटलं तर गॉज फेकू नका, वरून दाब द्यायला ठेवा आणि पाकिटावर ‘फक्त वरून’ असं लिहा. गाडीतलं सामान आखाजीनंतर न चुकता बघा, त्याचा उन्हाळा बहुतेक गाडीतच गेलेला असतो. मुदत संपलेल्या गोळ्या पट्टीतून काढून, ओल्या चहाच्या चोथ्यात कालवून, बंद पिशवीत कचऱ्यात टाका. उकिरड्यावर नुसती पट्टी फेकली तर ती मुलांच्या आणि गुरांच्या हाती-तोंडी लागते.